मिंटवर पेजमेकर उघडला, पण रफार गेले कुठे?

जुन्या मशीनवर लिनक्स टाकून आप्पांच्या पेजमेकरच्या फायली उघडायचा खटाटोप चाललाय, त्याच्या मागच्या अपडेटनंतर बारा दिवस झाले, थोडं बरं थोडं वाईट असं आहे. मशीन तेच जुनं, तिसऱ्या जनरेशनचा इंटेल आय३ प्रोसेसर, ८ जीबी रॅम. विंडोज ११ ला किमान आठवी जनरेशन आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, मग चांगलं चालतं मशीन भंगारात घालायचं जिवावर आलं म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ टाकलं, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवालं. अर्ध्या तासात काम झालं, वायफाय-प्रिंटर सगळं आपोआप, त्यात सांगण्यासारखं काहीच नाही.

खरं दुखणं पेजमेकर, पानं मांडायचं जुनं विंडोजवरचं सॉफ्टवेअर. आप्पांचं छोटं डीटीपीचं दुकान होतं, लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, मंडळाच्या पावत्या, वीसेक वर्षांच्या फायली सगळ्या पेजमेकर ७ मध्ये (हे २००१ चं व्हर्जन बरं का) आणि सगळ्या जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये. लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये त्या उघडतात, मला वाटलं सुटलो, पण मजकूर सरकतो आणि महिरपीची चौकट भलतीकडेच जाते. म्हणून वाईन, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर.

पेजमेकरच्या सीडीवर ओरखडे, तिसऱ्या झटक्यात एकदाचं आयएसओ (सीडीची फाइलमधली नक्कल) निघालं. वाईनसाठी ३२ बिटचं वेगळं प्रीफिक्स (वाईनचा स्वतंत्र खोटा सी ड्राइव्ह) केलं, सेटिंगमध्ये विंडोज एक्सपी निवडलं, फॉन्ट त्याच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये टाकले आणि चक्क उघडलं राव! फक्त गणपतीची चित्रं सगळी गायब, कारण फायलीत पत्ता डी ड्राइव्हचा. वाईनच्या ड्राइव्ह्स टॅबमध्ये डी म्हणून त्या फोल्डरचं नाव दिलं आणि गणपती जागेवर.

मग लक्षात आलं की 'कार्यालय' चं 'कायालय' झालंय. रफार गायब, काही जोडाक्षरांच्या जागी चौकोन. दोन रात्री फॉन्ट काढ-घाल केली, काही उपयोग नाही. या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात आणि १२७ च्या वरच्या नंबरांवर असलं उरलंसुरलं कोंबलेलं. मी हौसेनं सगळी सिस्टीम मराठीत लावली होती, आणि मराठी लोकेलला (सिस्टीमच्या भाषेच्या सेटिंगला) विंडोजच्या हिशोबात स्वतःचा असा जुना कोडपेजच, म्हणजे कुठल्या नंबराला कुठलं अक्षर याचा तक्ताच नाही, त्यामुळे माझ्या अंदाजाने वाईन ते वरचे नंबर युनिकोड समजून वाचायचा. फक्त पेजमेकर सुरू करताना लोकेल इंग्रजी केलं, रफार परत! मराठी दिसायला इंग्रजी लावावं लागतंय, घ्या. आता लाँचरमध्येच ते घालून ठेवलंय, बाकी सिस्टीम मराठीतच.

आप्पांना दाखवलं, २००६ ची एक पत्रिका. चष्मा वर करून बघितली आणि म्हणाले, "मामांचं नाव तेव्हाही चुकलं होतं."

पीडीएफ थेट निघत नाही, प्रिंट टू फाइल करून पोस्टस्क्रिप्ट आणि मग त्याचं पीडीएफ, चालतंय.

राहिलं ते मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, डाँगलवालं (यूएसबीची किल्ली लावल्याशिवाय न चालणारं). वाईन त्या डाँगलला ओळख देत नाही, म्हणून व्हर्च्युअलबॉक्समध्ये (मशीनच्या आत दुसरं खोटं मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज एक्सपी, नेट बंद ठेवून, आणि यूएसबी तिकडे वळवायचं. काल एकदा दिसलं आणि पाच मिनिटांत गेलं. कुणी हे डाँगल टिकवलं असेल तर सांगा, शनिवारी परत बसणार आहे.