मॉरिस मायनर, चौदावा महिना: कागद आला, लाल रंग गेला

ही जुनी इंग्लिश गाडी मला विकणाऱ्यानं तीन गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या होत्या. गाडी आजोबांनी विलायतेहून बोटीनं आणली, इंजिन 'मॅचिंग नंबर', म्हणजे कारखान्यात बसवलेलं तेच, आणि रंग 'ओरिजिनल लाल'. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच ऐकत आले असतील, त्यामुळे राग नाही.

गाडी १९५३ ची, सिरीज टू, चार दारांची, ८०३ सीसी. बॉनेट उघडलं की समोर फायरवॉलवर चेसिस प्लेट दिसते. त्या काळच्या प्लेटवर आधी तीन अक्षरं, मग दोन आकडे, मग नंबर. एफ म्हणजे मायनर, ए म्हणजे चार दारं, तिसरं अक्षर रंगाचं. खरी गंमत पहिल्या आकड्यात आहे: १ म्हणजे इंग्लंडातच विकायची, २ म्हणजे उजव्या स्टिअरिंगची निर्यात, ५ म्हणजे उजव्या स्टिअरिंगचीच, पण सुट्या भागांत पेटीबंद, जोडणी पोहोचेल त्या देशात. माझ्या प्लेटवर रंगाचे थर चढलेले. थिनरनं हळूहळू पुसलं तर ५ निघाला. आजोबांची बोट तिथेच बुडाली.

पण प्लेट म्हणजे रिव्हेटवर बसलेली पत्र्याची पट्टी. ड्रिल असलं की पाच मिनिटांत दुसऱ्या गाडीवर. म्हणून इंग्लंडातल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवलं. कारखान्याच्या जुन्या नोंदवह्यांतून ते उतरवून देतात. चेसिस नंबर जुळला, हायसं वाटलं. इंजिन नंबर मात्र वेगळा. रंगाच्या रकान्यात रंगच नाही.

मिस्त्रीभाऊंना दाखवलं तर म्हणाले, "मी तं पहिल्याच दिवशी म्हटलं होतं ना भाऊ, हे इंजिन ह्या गाडीचं नोहे."

मग आरसी बुक पुन्हा काढलं. हे बुक मला सर्टिफिकेटपेक्षा जास्त आवडतं. १९५३ मध्ये नागपूर मध्य प्रदेशची राजधानी, १९५६ ला शहर मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्रात; गाडी जागची हलली नाही आणि शिक्के तीन राज्यांचे. त्यातच एका चुरगळलेल्या पानावर इंजिन बदलल्याची नोंद आहे, आतापर्यंत शाईचा डाग समजून सोडून दिलेली. म्हणजे कारखान्यातून काय निघालं ते गेडननं सांगितलं, पुढे काय झालं ते इथल्या आरटीओनं.

'सर्टिफिकेट आहे' म्हणून भाव चढवणाऱ्यांना एवढंच विचारा: गाडी कुणी पाहिली? फेरारीचा क्लासिके विभाग चेसिस, इंजिन, गिअरबॉक्स प्रत्यक्ष तपासून कागद देतो. माझा कागद वहीवरून आलाय. गाडी शेडमध्ये गंजून पडली असती तरी तो असाच आला असता.

५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनी आलेली व्हीए ही नंबरप्लेटची वेगळी मालिका मला घ्यायची आहे. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. चेसिस, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत ही अट आहे, म्हणून आहे तेच ८०३ चं इंजिन ठेवतोय. ९४८ सीसीचं मोठं इंजिन टाकायचा सल्ला आता कोणी देऊ नका.

राहिला रंग. रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, डॅशबोर्ड उतरवून मागचा पत्रा पाणीपेपरनं घासला. लाल, त्याखाली क्रीम, आणि अगदी तळाशी प्रायमरला चिकटलेला राखाडी. 'ओरिजिनल लाल' सांगितलं म्हणून मी आधीच चार लिटर लाल आणून ठेवलाय. डबा सीलबंद आहे. कुणाला हवा असेल तर घेऊन जा.