घराण्यातून आलेले आणि घरातून आलेले

वडील गेले तेव्हा ते ५२ वर्षांचे होते. पहाटे त्यांच्या छातीत कळ आली तेव्हा पित्त झाले असेल असे समजून त्यांना सोडा घालून पाणी दिले गेले, आणि उजाडेपर्यंत वाट पाहण्यात जो वेळ गेला तो पुन्हा मिळाला नाही. त्यानंतर आमच्या घरात हृदयविकाराचा विषय निघाला की एकच वाक्य ऐकू येई, "आपल्या घराण्यातच आहे ते." आजोबा असेच गेले होते आणि पुढे काकांचीही अँजिओप्लास्टी झाली, त्यामुळे या वाक्याला पुरावा शोधण्याची गरज कधी पडली नाही. त्याच्या आडोशाला बसून आम्ही पंचवीसएक वर्षे काहीही केले नाही.

गेल्या वर्षी वयाची ४७ वर्षे पूर्ण झाल्यावर मी प्रथमच रीतसर तपासणी करून घेतली. डॉक्टरांनी एका कोऱ्या कागदावर मधोमध उभी रेघ ओढली आणि डावीकडे माझे वय, मी पुरुष असणे, वडिलांना ५५ वर्षांच्या आत आलेला झटका आणि आपण भारतीय उपखंडातील असणे, एवढ्या चार गोष्टी लिहिल्या. वडील किंवा भाऊ यांना ५५ वर्षांच्या आत, अथवा आई किंवा बहीण यांना ६५ वर्षांच्या आत हा आजार झाला असेल तर आपला धोका वाढलेला समजतात. नव्वदीतल्या आजोबांना आलेल्या झटक्याला तेवढे वजन नसते. शिवाय आपल्याकडे पहिला झटका पाश्चात्त्य लोकांच्या मानाने काही वर्षे आधीच येतो. या चारही गोष्टींबाबत मला करण्यासारखे काहीच नव्हते.

रेघेच्या उजवीकडे मात्र जागा कमी पडली. रक्तदाब, वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल, काठावर आलेली साखर, सुटलेले पोट, न चालणे आणि तंबाखू. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट या ५२ देशांतील अभ्यासात पहिल्या झटक्याचा सुमारे ९० टक्के धोका बदलता येण्याजोग्या नऊ घटकांशी जोडलेला आढळला, आणि कौटुंबिक इतिहासाचा बराचसा भारही त्या नऊ घटकांतच सामावला गेला. हे वाचल्यावर मी बराच वेळ वडिलांचा विचार करत राहिलो. त्यांच्याकडून मला रक्त मिळाले हे खरे. पण त्यांचेच स्वयंपाकघर, त्यांचीच पंगत आणि जेवणानंतर तळहातावर चुना लावून तंबाखू मळण्याची त्यांचीच लकबही मिळाली होती. या दोन्ही वारशांना आम्ही सरसकट घराणे म्हणत आलो होतो.

अनुवंश खोटा आहे असे मला म्हणायचे नाही. काही कुटुंबांत एलडीएल जन्मतःच फार जास्त असते, १९० च्या वर, आणि तेथे पथ्य पुरेसे पडत नाही, औषध लवकर सुरू करावे लागते. माझे १५८ होते. ते जन्मजात खाती टाकून मला मोकळे होता येत नव्हते.

मिठाचा हिशेब आम्ही घरीच केला. पत्नीने एक किलोच्या पुडीवर ती फोडल्याची तारीख पेनने लिहून ठेवली. आई, आम्ही दोघे आणि मुलगा अशा चार माणसांत ती पुडी २४ दिवसांत संपली, म्हणजे माणशी दररोज दहा ग्रॅमहून थोडे अधिक. जागतिक आरोग्य संघटना पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते, म्हणजे तीच पुडी आम्हाला किमान ५० दिवस पुरायला हवी होती. शिवाय पापड, लोणचे, खारे शेंगदाणे आणि बाहेरची मिसळ या हिशेबात नव्हतीच. कोल्हापुरात हा विषय निघाला की सगळे बिचाऱ्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याकडे बोट दाखवतात. रस्सा निर्दोष आहे असा माझा दावा नाही, पण तो आमच्याकडे रविवारी होतो. मीठ रोज तिन्ही त्रिकाळ पोटात जाते आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

काकांची गोष्ट खास आमच्या गावाची आहे. तरुणपणी ते तालमीत होते. पहाटे शेकडो जोर-बैठका, मग गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर पिळलेले म्हशीचे दूध, तूप, बदाम, मटण. पुढे नोकरी लागली आणि तालीम सुटली, पण खुराक तसाच राहिला, आणि आपण पैलवान आहोत, आपल्याला काय होणार, ही समजूतही राहिली. व्यायामाचा लाभ साठवून ठेवता येत नाही, तो चालू असेपर्यंतच मिळतो, हे त्यांना अतिदक्षता विभागात कळले.

पोटाच्या बाबतीत मी स्वतःला असेच फसवत होतो. माझी पँट ३४ इंची, म्हणजे साधारण ८६ सेंटिमीटर, आणि आपल्याकडच्या पुरुषांसाठी मर्यादा ९० ची, बायकांसाठी ८० ची. पण पँट आपण पोटाच्या खाली बांधतो. शिंप्याची टेप बेंबीवरून फिरवली तेव्हा आकडा ९६ निघाला.

सर्वांत अवघड गेले ते आईचे. बायकांना हा आजार होत नाही, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. वास्तविक पाळी गेल्यानंतर त्यांचा धोका झपाट्याने वाढतो, आणि त्यांच्यात छातीत कळ येण्याऐवजी धाप, मळमळ, पाठीत किंवा जबड्यात दुखणे एवढेच दिसण्याची शक्यता पुरुषांच्या मानाने अधिक असते. डॉक्टरांनी तंबाखूविषयी विचारले तेव्हा आईने ठामपणे नाही म्हणून सांगितले. मी मशेरीची डबी आठवून दिली, तर म्हणाली, "मशेरी म्हंजे काय तंबाखू हाय व्हय? ती दाताला लावायची." भाजलेली तंबाखूच ती, हिरडीतून निकोटिन रक्तात जाते आणि नाडी व रक्तदाब दोन्ही चढतात. ती डबी अजून पूर्ण सुटलेली नाही. माझा तंबाखू सुटून मात्र अकरा महिने झाले.

माझा रक्तदाब पहिल्या दिवशी १५०/९६ होता. एका मोजणीवर विसंबू नये म्हणून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे शांत बसून, त्याआधी अर्धा तास चहा न घेता, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून मी घरी नोंदी केल्या. त्याही चढ्याच निघाल्या. गोळी सुरू झाली. एकदा लागली की सुटत नाही, असे सांगून मला परावृत्त करणारे शेजारी बरेच होते, पण त्यांच्यातल्या कोणाचाही चष्मा सुटलेला मी पाहिलेला नाही. रंकाळ्याभोवती आठवड्यातले पाच दिवस अर्धा अर्धा तास भराभर चालतो, म्हणजे सांगितलेली १५० मिनिटे भरतात.

मिठाच्या नव्या पुडीवरही पत्नीने तारीख घातली होती. ती परवा ४१ व्या दिवशी संपली.