‘मेट्रोपोलिस’ची मराठी उपशीर्षके : 2010 च्या आवृत्तीपर्यंतची प्रगती

मागील नोंदीत लिहिल्याप्रमाणे फ्रिट्झ लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटाच्या 2001 साली पुनर्स्थापित केलेल्या आवृत्तीसाठी मराठी उपशीर्षके पूर्ण झाली होती. त्यानंतर 2010 च्या, म्हणजे अर्जेंटिनातील प्रतीमुळे जवळजवळ पूर्ण झालेल्या आवृत्तीचे काम हाती घेतले. त्यातील पहिले दोन भाग आता संपले असून तिसऱ्याचा कच्चा खर्डा तयार आहे. आधीच्या फाइलमध्ये जुन्या ओळींच्या मधोमध नव्या ओळी घातल्या की काम भागेल, असा माझा सुरुवातीचा अंदाज होता. तो पहिल्याच आठवड्यात सोडून द्यावा लागला. या दोन आवृत्त्यांत केवळ लांबीचा फरक नाही. एका आवृत्तीत पडद्यावर मजकूर दाखवणारी एखादी पाटी ज्या प्रसंगावर संपते, त्याच पाटीनंतर दुसरीत नवा प्रसंग सुरू होतो आणि आधीच्या वाक्याचा अर्थही बदलतो.

ज्यांनी या चित्रपटाच्या निरनिराळ्या प्रती अजून जवळजवळ ठेवून पाहिलेल्या नाहीत, त्यांच्यासाठी पार्श्वभूमी थोडक्यात देतो. 10 जानेवारी 1927 रोजी बर्लिनमधील ऊफा-पालास्ट आम झू या चित्रपटगृहात हा मूकपट प्रथम दाखवला गेला, तेव्हा त्याची लांबी 4189 मीटर होती. 35 मिमी फिल्मच्या एका मीटरमध्ये सुमारे 52.5 चौकटी मावतात. म्हणजे सेकंदाला 24 चौकटी या गतीने ती लांबी जवळजवळ 153 मिनिटे भरते. काही आठवड्यांतच तो मागे घेण्यात आला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुमारे 3240 मीटरांची छाटलेली आवृत्ती जर्मनीत लागली. अमेरिकेसाठी चॅनिंग पोलॉक या नाटककाराने कथानकच बदलून वेगळी काटछाट केली होती. त्यानंतरची कित्येक दशके जगाने जो ‘मेट्रोपोलिस’ पाहिला, तो या छाटलेल्या प्रतींचाच वंशज होता. अमेरिकेत 1953 साली त्याचा स्वामित्वहक्क संपल्यामुळे पुढे व्हिडिओ कॅसेटच्या काळात कोणीही, कोणत्याही प्रतीवरून, हाती येईल ते संगीत लावून कॅसेट काढू शकत असे. 1996 मध्ये तो हक्क पुन्हा प्रस्थापित झाला आणि 1 जानेवारी 2023 रोजी तिथे कायमचा संपला. मात्र नव्या पुनर्स्थापनांचे आणि संगीताच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क निराळे असतात. म्हणून मी केवळ उपशीर्षकांच्या मजकुराची फाइल देतो, चित्रपटाचा एकही तुकडा देत नाही.

संगीतकार जॉर्जिओ मोरोडेर यांची 1984 ची रंग चढवलेली, पॉप गाण्यांची आवृत्ती मी या कामातून वगळली आहे. ती दीड तासाहूनही लहान आहे आणि तिच्यात पाट्यांऐवजी चित्रावरच उपशीर्षके असल्यामुळे तिचा हिशेब सर्वस्वी वेगळा आहे. तिच्याविषयी मला आदर आहे, कारण विस्मरणात चाललेल्या या चित्रपटाकडे तिने तरुण प्रेक्षक वळवले. तिची चांगली ब्लू-रेही 2011 पासून मिळते. ज्यांना ती हवी असेल त्यांच्यासाठी पुढे कधीतरी स्वतंत्र फाइल करीन.

2001 ची आवृत्ती जुने जर्मन चित्रपट जपणाऱ्या मुर्नाऊ प्रतिष्ठानाने मार्टिन कोएर्बर यांच्याकडून सिद्ध करून घेतली. त्याआधी म्युनिकच्या चित्रपट संग्रहालयात एन्नो पाटालास यांनी केलेल्या कामाचा तिला पाया होता. त्यांना मार्ग दाखवणाऱ्या दोन वस्तू मला फार मोलाच्या वाटतात. पहिली म्हणजे नोव्हेंबर 1926 मधील सेन्सॉरची नोंद, जिच्यात प्रत्येक पाटीचा मजकूर लिहिलेला आहे. दुसरी म्हणजे संगीतकार गॉटफ्रीड हुप्पेर्ट्झ यांची स्वरलिपी. वाद्यवृंद पडद्याशी जुळून राहावा म्हणून हुप्पेर्ट्झ यांनी स्वरांच्या वर हजाराहून अधिक ठिकाणी त्या क्षणी पडद्यावर काय चालले आहे ते लिहून ठेवले होते. फिल्म हरवली तरी तिचा क्रम या स्वरलिपीत शाबूत राहिला. जिथे चित्रच उपलब्ध नव्हते, तिथे 2001 च्या आवृत्तीत वेगळ्या अक्षरवळणाच्या पाट्यांवर हरवलेल्या प्रसंगाचे वर्णन दिले आहे. त्या पाट्यांचे मराठी करताना मीही मजकूर तिरप्या अक्षरांत ठेवला, म्हणजे मूळ पाटी कोणती आणि पुनर्स्थापकांची कोणती हे वाचणाऱ्याला कळत राहील.

पहिली अडचण आली ती वेळेची. 2001 च्या आवृत्तीची अमेरिकी डीव्हीडी सुमारे 124 मिनिटांची आहे, तर ब्रिटनमध्ये निघालेली साधारण 118 मिनिटांची. सुटलेल्या प्रसंगाच्या शोधात मी दोन संध्याकाळी घालवल्या, पण काहीही सुटलेले नव्हते. युरोपातील दूरचित्रवाणीच्या पॅल पद्धतीत चित्र सेकंदाला 25 चौकटींनी धावते, त्यामुळे 24 चौकटींच्या गतीसाठी तयार केलेला चित्रपट तिथे चार टक्क्यांनी लवकर संपतो. तासाभरात हा फरक जवळजवळ अडीच मिनिटांवर जातो, आणि उपशीर्षकांच्या बाबतीत तर अडीच सेकंदही असह्य होतात. उपाय मात्र सोपा आहे. ‘सबटायटल एडिट’ या संगणक प्रणालीत पहिली आणि शेवटची ओळ तुमच्या डिस्कवरील वेळेशी जुळवली की मधल्या सगळ्या ओळी त्याच प्रमाणात सरकतात. हे एकाच पुनर्स्थापनेच्या दोन डिस्कांपुरतेच चालते. 2001 ची फाइल ताणून 2010 च्या चित्रावर बसवता येत नाही.

आता 2010 च्या आवृत्तीकडे वळतो. ब्वेनोस आइरेसमधील एका वितरकाने काटछाटीच्या आधीची लांब प्रत अर्जेंटिनात नेली होती. पुढे ती एका चित्रपट समीक्षकाच्या संग्रहात गेली, तिथून सरकारी निधीकडे आली, ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मच्या भीतीने तिची 16 मिमीवर लहान नक्कल करण्यात आली आणि मूळ प्रत नष्ट झाली. ती नक्कल 1992 पासून तिथल्या चित्रपट संग्रहालयात होती. एका जुन्या फिल्म क्लबच्या चालकाची आठवण चित्रपट इतिहासकार फेर्नांदो पेन्या यांनी ऐकली होती. ‘मेट्रोपोलिस’ दाखवताना फिल्म उडू नये म्हणून आपल्याला दोन तासांहून अधिक वेळ बोटाने ती दाबून धरावी लागली होती, असे तो चालक सांगत असे. दोन तासांहून अधिक वेळ, हाच त्यातला कळीचा तपशील, कारण तेव्हा ठाऊक असलेली कोणतीही प्रत इतकी लांब नव्हती. 2008 मध्ये पाउला फेलिक्स-दिदियेर त्या संग्रहालयाच्या प्रमुख झाल्यावर दोघांनी ते डबे उघडून पाहिले. त्यातून आणि न्यूझीलंडमधील एका प्रतीच्या साहाय्याने तयार झालेली आवृत्ती 12 फेब्रुवारी 2010 रोजी बर्लिनमध्ये दाखवली गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस तिच्या ब्लू-रे डिस्क अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही ठिकाणी आल्या. मी जर्मन पाट्या असलेल्या ब्रिटिश डिस्कवरून काम करतो. भारत ब्लू-रेच्या ‘सी’ विभागात येतो आणि युरोप ‘बी’मध्ये, त्यामुळे सर्व विभाग चालवणारा प्लेयर आधी मिळवावा लागला.

या डिस्कवर नव्याने आलेला भाग ओळखायला एक क्षणही लागत नाही. चित्र अचानक ओरखड्यांनी भरून जाते, आणि 16 मिमीवर उतरवताना चौकटीचा काही भाग कापला गेल्यामुळे कडेला काळी पट्टी दिसते. हे ओरखडे नकलेच्या फिल्मवर पडलेले नाहीत. झिजलेल्या मूळ प्रतीवरचे ओरखडे न धुता, जसेच्या तसे, नकलेत छापले गेले आहेत, म्हणून ते पुसता येत नाहीत. संगणकाने त्यांतील पुष्कळ कमी केले, तरी चेहऱ्यांवरून पाऊस पडत राहिल्यासारखे दिसतेच. हे चित्र आणखी गुळगुळीत करायला हवे होते, असे म्हणणारे रसिक मला भेटले आहेत. मला ते पटत नाही. ऐंशी वर्षे हा भाग कुठे आणि कशा अवस्थेत होता, हे त्या पावसातून दिसते आणि काटछाट करणाऱ्यांनी नेमके काय काढले होते तेही समोर मांडले जाते.

आणि जे काढले गेले होते, ते चित्रपटाचे मांसच होते. 11811 हा क्रमांक असलेला कामगार गेओर्गी आधी यंत्रापाशी नायक फ्रेडर, म्हणजे नगराच्या सत्ताधीशाचा मुलगा, याच्याशी जागा बदलून नाहीसाच होत असे. आता तो फ्रेडरचे रेशमी कपडे घालून त्याच्या मोटारीत बसतो, खिशात पैसे सापडतात आणि योशिवारा या रंगेल वस्तीच्या मोहात पडतो. फ्रेडरच्या वडिलांनी कामावरून काढलेला योसाफाट फ्रेडरचा खरा मित्र होतो. फ्रित्स रास्प यांनी साकारलेला, फ्रेडरच्या वडिलांचा सडपातळ हेर आधी दारात उभ्या असलेल्या सावलीसारखा होता. आता तो योसाफाटच्या घरी येऊन लालूच दाखवतो, धमकावतो. या तिघांच्या प्रसंगांतील पाट्या पूर्णपणे नव्या असल्यामुळे मला सर्वांत जास्त वेळ तिथेच लागला.

पुण्याच्या माक्स म्युलर भवनात शिकलेले जर्मन इतक्या वर्षांनी कामी येत आहे, तरीही काही शब्दांनी मला अडवून धरले. चित्रपटाचे तीन भाग ‘आउफ्टाक्ट’, ‘त्स्विशनश्पील’ आणि ‘फुरिओसो’ असे आहेत आणि तिन्ही नावे संगीतातून आलेली आहेत. पहिल्यासाठी ‘नांदी’ आणि ‘पूर्वरंग’ यांत मी बराच काळ घोटाळलो. नांदीत मंगलाचरण असते आणि इथे तर पहिल्याच दृश्यात पाळी बदलणारे, माना खाली घातलेले कामगार आहेत. म्हणून ‘पूर्वरंग’ ठेवले. दुसऱ्यासाठी ‘मध्यंतर’ लिहिले असते तर प्रेक्षक उठून चहाला गेले असते, म्हणून ‘मधला प्रवेश’ केले. तिसऱ्याला ‘द्रुत’ म्हणणे संगीताच्या दृष्टीने जवळचे होते, पण त्यात संताप येत नाही. यंत्रे फोडली जातात, खालचे नगर पाण्याखाली जाते, जमाव नाचतो आणि चिता पेटते. मी ‘तांडव’ हा शब्द घेतला आहे. त्यामुळे बायबलवर उभ्या असलेल्या कथेत शंकर येतो, ही हरकत मला मान्य आहे. यापेक्षा योग्य शब्द कोणाला सुचल्यास मी आनंदाने बदलेन.

हेलच्या स्मारकावरचा मजकूर हा या टप्प्यातला सर्वांत अवघड आणि मला सर्वांत प्रिय भाग. हेल ही फ्रेडरची आई. रोटवांग या संशोधकाचे तिच्यावर प्रेम होते आणि तिने नगराचा सत्ताधीश, फ्रेडरचा बाप योह फ्रेडरसन याच्याशी लग्न केले. इंग्रजीत हे नाव नरकाच्या शब्दासारखे ऐकू येते, या कारणाने अमेरिकी आवृत्तीतून ही स्त्रीच काढून टाकली गेली आणि तिच्याबरोबर रोटवांगच्या वैराचे कारणही गेले. स्मारकावर ती रोटवांगच्या सुखासाठी आणि सर्व माणसांच्या कल्याणासाठी जन्मल्याचे, योह फ्रेडरसनपायी गमावल्याचे आणि फ्रेडरला जन्म देताना मरण पावल्याचे कोरले आहे. माझ्या पहिल्या खर्ड्यात ‘योह फ्रेडरसनने हिरावून नेली’ असे होते. जर्मनमध्ये मात्र नेणारा कर्ता नाही, केवळ गमावणे आहे. म्हणून आता ‘योह फ्रेडरसनपायी मला अंतरली’ असे लिहिले आहे. ‘अंतरली’ या क्रियापदात दुरावा आणि मृत्यू दोन्ही येतात, आणि रोटवांगसाठी ती दोनदा अंतरली होती.

कामगारांना धीर देणारी मारिया त्यांच्या मुलांना घेऊन श्रीमंतांच्या उद्यानात येते, तेव्हाच्या पाटीत ‘हे तुमचे भाऊ आहेत’ असे म्हणते. मुलांत मुलीही असल्यामुळे मी आधी ‘भावंडे’ केले होते. परंतु ती मुलांना समोरचे तरुण दाखवते आहे की त्या तरुणांना ही मुले, हे मूळ पाटीत उघडे राहते आणि फ्रेडरच्या मनात नेमके तेच काम करते. ‘भावंडे’ म्हटल्याबरोबर बोट मुलांकडे वळते. त्यामुळे ‘भाऊ’ परत आणले. फ्रेडर वडिलांना ‘बाबा’ आणि ‘तुम्ही’ म्हणतो. दहा तासांच्या पाळीच्या अखेरीस यंत्राला लटकून तो ‘बाबा, हे दहा तास कधी संपणारच नाहीत का?’ असे ओरडतो, तिथे दुसरे कोणतेही संबोधन मला चालले नाही.

काही पाट्या मजकुराइतक्याच हालचालीने बोलतात. कामगारांचे नगर जमिनीखाली खोल असल्याचे सांगणारे शब्द पडद्यावरून खाली उतरतात आणि धनिकपुत्रांच्या क्रीडागृहाविषयीचे वर चढतात. उपशीर्षकाची ओळ तळाशी स्थिर असते, त्यामुळे ही गंमत मराठीत उतरत नाही. या ठिकाणी वाक्य शक्य तितके आखूड केले, म्हणजे नजर लवकर वर जाईल.

तांत्रिक बाजूने एक अनुभव नोंदवून ठेवतो. संगणकावर व्यवस्थित दिसणारी देवनागरी माझ्या दूरदर्शन संचावर मोडून पडली. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसली आणि ‘हृदययंत्र’मधील जोडाक्षर फुटले. फाइल यूटीएफ-8 या सर्व लिप्या चालणाऱ्या सांकेतिक पद्धतीतच होती, पण अक्षरे जोडण्याचे काम त्या संचाला येत नव्हते. आता मी मजकुराची फाइल आणि तिच्यापासून तयार केलेली पीजीएस प्रकारची चित्ररूप उपशीर्षके अशा दोन्ही देतो. दुसरीत प्रत्येक ओळ आधीच चित्र म्हणून काढलेली असते, त्यामुळे संचाला फक्त ती दाखवायची असते.

चित्रपटात दोन जागा अशा आहेत की तिथे आजही केवळ वर्णनाच्या पाट्या आहेत. प्रार्थनामंदिरात प्रलयाविषयी सांगणारा साधू, आणि योह फ्रेडरसन व रोटवांग यांची झटापट, जिच्या गोंधळात मारिया निसटते. अर्जेंटिनातील प्रतीतही हे दोन प्रसंग वापरता येण्याजोगे उरले नव्हते. त्यांची तिरपी अक्षरे पुढील नोंदीपर्यंत पूर्ण होतील.

तोवर ज्यांच्याकडे 2001 ची अथवा 2010 ची कोणतीही डिस्क असेल, त्यांनी मला दोन वेळा कळवाव्यात. चित्रपटाच्या आरंभी आणि अगदी शेवटी एकच वाक्य येते : ‘डोके आणि हात यांच्यातील दुवा हृदयच असले पाहिजे.’ ही पाटी तुमच्या डिस्कवर पहिल्यांदा आणि दुसऱ्यांदा सुरुवातीपासून किती तास-मिनिटे-सेकंदांनी उमटते, एवढेच पुरे. त्या दोन आकड्यांवरून तुमच्या प्रतीला जुळणारी फाइल मी करून देईन.