वाड्यासाठी मशीन: सुटे भाग निवडतानाच्या नोंदी

८ नोव्हेंबर २०२५

माझं जुनं मशीन २०१७ चं. कोअर आय५ ७५००, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० चं ६ जीबीवालं कार्ड. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबरला बंद झाले आणि सातव्या पिढीचा हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. निमित्त ते झालं, पण नव्या मशीनचं खरं कारण वाडा.

आमचं आजोळ वाईजवळ. तिथला दुचौकी वाडा काही वर्षांपूर्वी पाडला. मामानं काढलेले दोनेकशे फोटो आणि पाडण्याआधी दोरी धरून घेतलेली मापं यांवरून मी तो ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा उभा करतोय. कडीपाट, सागवानी खांब, देवळ्या, मंगलोरी कौलं, सगळं. रात्री जेवणानंतर तासभर मित्रांबरोबर गेम खेळतो, तेही याच मशीनवर. बजेट दीड लाख, मॉनिटर आणि यूपीएस वेगळे.

ग्राफिक्स कार्ड ठरलं की बाकीचं त्याच्या मागं येतं, म्हणून पहिले दोन आठवडे फक्त कार्डाचा विचार केला. निवड एनव्हिडियाच्या दोन कार्डांत होती, आरटीएक्स ५०७० आणि ५०६० टीआय. ५०७० वेगानं बरंच पुढं आहे. त्यात ६१४४ कुडा कोअर (आकडेमोड करणारी छोटी एककं), ५०६० टीआयमध्ये ४६०८. मेमरीची बस, म्हणजे माहिती ये-जा करण्याचा रस्ताही, १९२ बिट विरुद्ध १२८ बिट. पण ५०७० ला मेमरी १२ जीबी, आणि ५०६० टीआय १६ जीबीत मिळतं.

गेमिंगवाले मित्र एका सुरात म्हणाले, १२ पुरे, वेग घे. १४४० पिक्सेलच्या गेमिंगपुरतं ते बरोबरच आहे. गेममधली टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागांवर चढवलेली चित्रं, कार्डाच्या मेमरीत दाबलेल्या स्वरूपात राहतात. ४०९६ बाय ४०९६ चं एक टेक्स्चर तिथं साधारण १६ एमबीत मावतं. ब्लेंडरचं सायकल्स इंजिन, म्हणजे सीनवरून अंतिम चित्र काढणारा (रेंडर करणारा) भाग, तेच रंगीत चित्र उलगडून ठेवतं, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला चार बाइट, एकूण ६४ एमबी. एका मटेरियलला रंग, खडबडीतपणा, उंचवटे अशी तीन-चार चित्रं लागतात. लाकूड, चुना, दगड, कौल, शेणानं सारवलेली जमीन धरून माझ्याकडे अशी बावीस मटेरियल्स आहेत. भूमिती मोजायच्या आधीच चार-पाच जीबी गेले.

अंदाजावर पैसे घालायचे नव्हते. म्हणून पूर्ण वाड्याचा एक रेंडर जुन्या मशीनच्या प्रोसेसरवर लावला. प्रत्येक पिक्सेलला ५१२ सॅम्पल्स (प्रकाशाचे नमुने), तीन तास चाळीस मिनिटं. रेंडरच्या खिडकीत ‘पीक’ मेमरीचा आकडा दिसतो, तो १०.९ जीबी निघाला. त्यावर विंडोज, व्ह्यूपोर्ट (मॉडेल दिसतं ती खिडकी) आणि डीनॉइझर (चित्रातले ठिपके पुसणारा) यांचा वाटा धरायचा. मेमरी संपली की सीनचा काही भाग साध्या रॅममध्ये जातो आणि रेंडर रांगायला लागतो, किंवा सरळ बंद पडतो. तिथं ५०७० चे जादा कोअर काही कामाचे नाहीत. ५०६० टीआय, १६ जीबी. ठरलं.

एएमडीचं ९०६० एक्सटीही १६ जीबीत येतं आणि स्वस्त पडतं. मी फक्त गेम खेळत असतो तर तेच घेतलं असतं. पण सायकल्समध्ये एनव्हिडियाचं ऑप्टिक्स (कार्डावर रेंडर करण्याचं तंत्र) आजही पुढं आहे, आणि माझे निम्मे तास तिथं जातात.

१५ नोव्हेंबर

प्रोसेसर एका संध्याकाळी ठरला. रायझन ७ ७८००एक्स३डी गेमसाठी नावाजलेला, त्याची ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) खरोखर काम करते. पण १४४० पिक्सेलवर या कार्डाबरोबर अडणार आहे ते कार्डच, त्यामुळे ती कॅश बहुतेक वेळ रिकामी बसेल. मॉडेलिंग करताना आणि इलस्ट्रेटरमध्ये एका कोअरचा वेग जाणवतो. तिथं रायझन ७ ९७००एक्स ५.५ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, ७८००एक्स३डी ५.० पर्यंत. शिवाय ९७००एक्सचा टीडीपी, म्हणजे उष्णतेचा ठरवलेला आकडा, ६५ वॉट. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावरच्या खोलीत बसणाऱ्याला या आकड्याचं मोल कळतं. तोच ठरला. सोबत कूलर मिळत नाही, म्हणून डीपकूलचा एके४००.

मदरबोर्ड बी६५० चिपसेटचा. एकच अट घातली: मागच्या बाजूला बायॉस फ्लॅशबॅकचं बटण हवं, म्हणजे प्रोसेसर न बसवताही बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर (बायॉस) बदलता येतं. बी६५० चे जुने साठे अजून दुकानांत आहेत, आणि त्यांतला २०२४ च्या मध्याआधीचा बायॉस ९००० मालिकेचा प्रोसेसर ओळखत नाही.

रॅमनं मात्र झोप उडवली. ठरवलं होतं ६४ जीबी. पण सप्टेंबरनंतर डीडीआर५ रॅमचे भाव आठवड्याला चढताहेत, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळलाय. आत्ता १६ जीबीच्या दोन पट्ट्या आणि पुढं आणखी दोन, हा मार्ग एएम५ वर (या प्रोसेसरच्या सॉकेटवर) चांगला नाही. चार पट्ट्या भरल्या की अधिकृत वेग ३६०० वर येतो. ३२ ची एकच पट्टी घेऊन थांबावं, तर तोवर मेमरी एकाच चॅनलवर चालणार. शेवटी कामाचा हिशेब पाहिला: वाडा, फोटोशॉप आणि ब्राउझर एकत्र धरले तरी गरज २५ जीबीच्या वर जात नाही. १६ च्या दोन, ६००० वेगाच्या, सीएल ३० (प्रतिसादातल्या विलंबाचा आकडा). पुढं ६४ लागले तर हा जोड विकून नवा घेईन.

२२ नोव्हेंबर

सकाळच्या गाडीनं दादर, तिथून लोकलनं ग्रँट रोड, आणि चालत लॅमिंग्टन रोड, म्हणजे मुंबईतला सुट्या भागांचा बाजार. ऑनलाइन स्वस्त मिळतं हे खरं, पण चार दुकानांत बोर्ड हातात घेऊन बघता येतो आणि त्याच दिवशी सगळं घरी येतं.

एका दुकानात कार्डाचा भाव ठरला, पैसे देणार, तेवढ्यात खोक्याच्या बाजूचं लेबल वाचलं. ८ जीबी. ५०६० टीआय याच नावानं दोन्ही कार्डं येतात, खोकीही जवळपास सारखी. मुद्दाम दिलं असं मी म्हणणार नाही, पण तिथून घेतलं नाही. तुम्ही घ्याल तेव्हा भिंतीवरचा फलक किंवा तोंडी भाव सोडा, खोक्यावरचा जीबीचा आकडा वाचा. आणि जीएसटीच्या बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या, पुढं वॉरंटीला तोच लागतो.

एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा) ७५० वॉट, गोल्ड दर्जाचा. हिशेबानं प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॉट, कार्ड १८०, बाकी सगळं ७०-८०. म्हणजे ६५० मध्येही भागलं असतं, पुढच्या कार्डासाठी जागा ठेवली. कॅबिनेट पुढून जाळीचं. पुढं दोन पंखे आत ओढणारे, मागं एक बाहेर टाकणारा. आत जाणारी हवा जास्त असली की फटींतून धूळ कमी शिरते, आणि आमच्या गल्लीत रस्त्याचं खोदकाम दोन वर्षं चालू आहे.

३० नोव्हेंबर

फ्लॅशबॅक आधी केलं. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये, फाइलचं नाव मॅन्युअलमध्ये दिलंय तसंच, प्रोसेसर न बसवता फक्त वीज. दिवा सहा मिनिटं लुकलुकून विझला.

रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा पडदा चार मिनिटं काळा होता. डीडीआर५ पहिल्या वेळी स्वतःचं टायमिंग जुळवून घेते, तिथं घाबरून बटण दाबू नका. मग बायॉसमध्ये एक्स्पो (रॅम पूर्ण वेगानं चालवणारं सेटिंग) चालू केलं, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वर चालत राहते. रात्रभर मेमटेस्ट, एकही चूक नाही.

सकाळी वाड्याची तीच फाइल, तेच ५१२ सॅम्पल्स. सव्वापाच मिनिटं. टास्क मॅनेजरमध्ये कार्डाची मेमरी १३.२ जीबीवर गेली होती. तो आकडा बघून खुर्चीतून उठलो आणि खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

चित्र मामाला पाठवलं. पडवीच्या खांबांची सावली जोत्यावर पडते ती अगदी त्याच्या फोटोतल्यासारखी. पाच मिनिटांनी त्याचा फोन आला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “दिंडी दरवाजाची कडी उजव्या फळीला होती रे, तू डावीला लावलीस.”

कडी हलवून दुसरा रेंडर लावलाय.