कान बांधून

परवा भर दुपारी सात रस्त्याच्या सिग्नलला एक गृहस्थ दिसले. स्कूटरवर होते. डोक्याला तपकिरी कानटोपी, हनुवटीखाली तिचं बटण लावलेलं, त्यावर काळा गॉगल. डिसेंबर असला म्हणून काय झालं, दुपार सोलापूरची. पारा तिशीला टेकलेला. माझ्या अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि पाठीवर घाम. सिग्नल सुटला, गृहस्थ शांतपणे निघून गेले. मला हसू यायला हवं होतं, पण वाटला हेवा. इतकी निष्ठा हल्ली कोण कशावर ठेवतं?

थंडी म्हणजे आम्हा सोलापूरकरांकडे वर्षातून एकदा येणारा श्रीमंत पाहुणा. चार दिवस राहणार, म्हणून आदरातिथ्य जंगी. डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारे स्वेटर ट्रंकेतून निघतात, पहाटे गल्लीत पालापाचोळ्याची शेकोटी पेटते, आणि पंधरा-सोळा अंशांवर लोक एकमेकांना विचारतात, "काय बे, लै गारठा पडलाय नव्हं?" महाबळेश्वरचा माणूस ऐकेल तर चहा सांडेल.

आमच्या आईचा या विषयावर स्वतःचा सिद्धांत आहे. थंडी कानातून शिरते. पायातून नाही, छातीतून नाही, फक्त कानातून. एकदा आत आली की घसा, मग छाती, मग पोट असा तिचा मार्ग ठरलेला. त्यामुळे लहानपणी घराबाहेर पडताना "दप्तर घेतलं का" याच्या आधी "कान बांध" यायचं. जानेवारीत सिद्धरामेश्वराच्या गड्डा यात्रेला जाताना तर कान बांधल्याशिवाय उंबरा ओलांडायची सोयच नव्हती. होम मैदानावरच्या आकाशपाळण्यातला माझा एक फोटो आहे. त्यात डोळे आणि नाक एवढंच दिसतं. मी आहे हे आई सांगते म्हणून मानायचं. त्याच यात्रेत पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी नंदीध्वज पेलत भल्या सकाळी निघायचे. त्यांना आई कधी काही म्हणाली नाही. त्यांची काळजी सिद्धरामेश्वराकडे असावी.

कानटोपी आणि मोटरसायकल यांची माझ्या डोक्यात गाठ बसली ती अण्णांच्या येझदीमुळे. त्या गाडीची गंमत म्हणजे किक आणि गिअर एकच दांडी. आत दाबून उभी केली की किक, गाडी चालू झाली की पुन्हा आडवी पाडायची, झाला गिअर. थंडीच्या सकाळी अण्णा आधी कार्ब्युरेटरवरची पिन दाबून पेट्रोल ओव्हरफ्लो करायचे, मग दोन-चार किका कोरड्या मारायचे, मग एक शिवी हासडायचे. गाडी बहुधा शिवीलाच चालू व्हायची. मला पुढं टाकीवर बसवायचे. टाकी गार, खालून इंजिनाची थरथर, नाकात दोन-स्ट्रोकच्या धुराचा गोडसर वास. आणि डोक्याला अर्थातच कानटोपी, जी वाऱ्याने हळूहळू फिरत फिरत नान्नज येईपर्यंत एका डोळ्यावर आलेली असायची.

रस्ता बार्शीचा. वैरागला आत्या होती, म्हणून रविवारी ही स्वारी. नान्नजच्या माळाशी अण्णा गाडी थांबवायचे आणि गवतातून लांब कुठंतरी बोट दाखवून म्हणायचे, "तो बघ." मी टोपी डोळ्यावरून सारेपर्यंत त्यांचा धीर सुटायचा. मग तेच टोपी ओढून काढायचे आणि हनुवटी धरून माझं तोंड नेमक्या दिशेला वळवायचे. गवतात उंच पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, चोच किंचित वर. माळढोक. चालायचा असा की माळाचा सातबारा त्याच्याच नावावर आहे. मला तेव्हा पक्ष्यापेक्षा कान उघडे पडल्याचीच धास्ती जास्त. घरी कळलं तर?

परवाच्या गृहस्थांमुळे हे सगळं आठवलं. आणि त्याच्या मागोमाग गेल्या जानेवारीतला वाळवंटाचा प्रवास.

तो उद्योग माझ्या मित्राचा. पन्नाशी गाठली की काही माणसं देवाकडे वळतात, काही बुलेट घेतात. यानं बुलेट घेतली आणि एका संध्याकाळी दारात उभा राहून म्हणाला, "चल बे, जैसलमेरला जाऊन येऊ." माझ्याकडे साधी दीडशे सीसीची गाडी, कमरेत मणक्याचं दुखणं. तरी हो म्हणालो. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "वाळवंट बघायचंय? एप्रिलपर्यंत थांब की, हितंच दाखवते."

पण थांबत नाही म्हटल्यावर तिनेच तयारी केली. कडक भाकऱ्यांची चळत, शेंगाचटणीचा डबा, एक सोलापुरी चादर ("हॉटेलातल्या पांघरुणांचा काय भरवसा"), आणि नवी पेठेतून मुद्दाम आणलेली नवी कानटोपी. मित्रालाही एक. त्यानं ती आदराने घेतली आणि बॅगेच्या तळाशी घातली.

नगर, नाशिक, सापुतारा, बडोदा, अहमदाबाद. जवळजवळ चौदाशे किलोमीटरचा रस्ता, पण त्यातल्या पहिल्या दोन-तृतीयांशाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ट्रक होते. थराद सोडून सांचोरच्या वाटेला पहाटे लागलो आणि तिथं थंडी म्हणजे काय ते कळायला सुरुवात झाली. पारा आठ-नऊवर, आणि आम्ही सत्तरच्या वेगाने समोरून वारा अंगावर घेतोय. आठ अंशांत सत्तरने गाडी हाणली की उघड्या कातडीला थंडी दोन अंशांची लागते. हातमोज्यांतली बोटं आधी दुखली, मग दुखायची थांबली, ते जास्त वाईट. थांबून हात इंजिनाजवळ धरायचे, वास येईपर्यंत. छातीवर जाकिटाच्या आत वर्तमानपत्राची घडी घालायची ही जुन्या लोकांची युक्ती; सोलापूरहून आणलेला पेपर नाशिकातच भिजून गेलेला, म्हणून टपरीवरून गुजराती पेपर घेतला. अख्खं गुजरात छातीशी धरून आम्ही राजस्थानात शिरलो.

आता हेल्मेटच्या आत कानटोपी या प्रकाराबद्दल. ज्यांनी हे केलंय त्यांना सांगायला नको. घालताना दोन्ही कान दुमडतात. ते आत बोट घालून एकेक सरळ करावे लागतात. श्वासाने काच धुरकट होते, काच उघडली तर डोळ्यांतून पाणी. आणि मग, हमखास, बरोबर कपाळाच्या मध्यावर लोकरीखाली खाज सुटते. किलोमीटरभर आपण सहन करतो. भुवया वरखाली करून बघतो. हेल्मेट दाबून गोल फिरवून बघतो. शेवटी गाडी बाजूला, हातमोजे दातांनी ओढून काढायचे, पट्टा सोडायचा, हेल्मेट आरशाला, टोपी मानेवर, आणि मग दोन्ही हातांनी खाजवायचं. तो आनंद ब्रह्मानंदाच्या जवळपासचा आहे. मित्र पुढं जाऊन थांबलेला असायचा आणि हॉर्न वाजवायचा. त्याच्या डोक्यावर नुसतं हेल्मेट, आत बोडकं डोकं.

बाडमेरच्या अलीकडे एका टपरीवर चहाला थांबलो. बाकावर बसलेले झाडून सगळे पुरुष कान बांधून. कुणाचा साफ्याचा शेव गालावरून फिरवलेला, कुणाची शाल, कुणाचं मफलर. काचेच्या ग्लासांना सगळ्यांनी दोन्ही हातांनी धरलेलं. मित्राने हेल्मेट काढलं तसं एक म्हातारबाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग स्वतःच्या कानाला बोट लावून म्हणाले, "कान ढक लो, बेटा." मित्राने मुकाट्याने जाऊन बॅग उपसली. आईला फोन करून सांगितलं, तर तिला त्यात नवल काहीच वाटलं नाही.

वाळवंटाने मित्राची मात्र निराशा केली. त्याला क्षितिजापर्यंत वाळूच्या टेकड्या हव्या होत्या. तशा त्या आहेत, जैसलमेरपासून चाळीस किलोमीटरवर सम गावाशी, पण तिथं उंटांपेक्षा जीपगाड्या जास्त आणि रात्री तंबूतंबूत स्पीकर. बाकी सगळं थरचं वाळवंट म्हणजे खडी, खुरटं गवत आणि काटे. खेजडी म्हणजे आपली शमी. मारुतीला शनिवारी घालतो ती रुई रस्त्याच्या दोन्ही अंगांना. जेवायला बाजरीची भाकरी नि लसणाची चटणी. मित्र ताटाकडे बघत म्हणाला, "हे तर आपलं सांगोलाच की बे. यासाठी एवढं पेट्रोल जाळलं?" मी आमची कडक भाकरी काढून ढाबेवाल्याला दिली. त्यानं ती वाजवून बघितली, तुकडा मोडून चावला, आणि किती दिवस टिकते ते विचारलं. महिनाभर म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांत आमच्याबद्दल पहिल्यांदा आदर दिसला.

मला मात्र तो माळ आवडला. रात्री तर फारच. दिवसा पंचवीस अंश असलेली हवा सूर्य बुडाल्यावर बघता बघता उतरते. हवेत ओलावा नाही, वर ढग नाही, वाळू आपली ऊब धरून ठेवत नाही. सोलापुरी चादर दुहेरी करून घेतली तरी पुरेना.

तिथल्या राष्ट्रीय मरू उद्यानात जायचं होतं, ते माझ्या हट्टाने. तीन हजार चौरस किलोमीटरांहून मोठं आहे ते, त्यात गावं आहेत, शेळ्या आहेत, आणि माळढोक आहे. तिकडे त्याला गोडावण म्हणतात, राजस्थानचा राज्यपक्षी आहे. सकाळभर कुंपणाच्या कडेने धक्के खाल्ले. दिसला तो फार लांब, सेवणाच्या गवतात, पण मान तीच, चाल तीच. मी आपोआप टोपी काढली. कशाला, माहीत नाही. मित्राने दुर्बीण घेतली, बघितलं आणि म्हणाला, "मोर कसा, रंग नसलेला." त्याला दोष नाही. त्याने तो येझदीच्या टाकीवरून बघितलेला नाही.

परतताना वाटेत पवनचक्क्या लागल्या, सौर पत्र्यांची शेतं, आणि माळ कापत गेलेल्या विजेच्या तारा. तारांवर ठरावीक अंतराने चकत्या लटकवलेल्या, वाऱ्याने फिरणाऱ्या. त्या या पक्ष्यासाठी. पंधरा किलोपर्यंत वजनाचा नर. एवढा जड पक्षी उडताना ऐनवेळी वळू शकत नाही, आणि त्याचे डोळे बाजूला, समोरचं त्याला नीट दिसत नाही. तारेवर आदळतो नि मरतो. मादी घालते एक अंडं, तेही उघड्या जमिनीवर. सगळे मिळून उरलेत दीडशेच्या आसपास, आणि त्यातले बहुतेक या जैसलमेरच्याच टापूत. तारा जमिनीखालून न्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितलं. 2024 मध्ये तो आदेश बदलून समिती नेमली. सम आणि रामदेवरा इथं आता पिल्लं पिंजऱ्यात वाढवतात. हे सगळं मी मित्राला हेल्मेटमधून ओरडून सांगत होतो. पुढच्या पंपावर थांबल्यावर तो म्हणाला, "काय सांगत होतास मघापासून? कान बांधलेत बे, काय ऐकू येत नाही."

घरी आल्यावर काही दिवसांनी बार्शी रस्त्याने गेलो, एकटाच. नान्नजचं अभयारण्य 1979 सालचं, माळढोकासाठीच केलेलं. आजूबाजूला द्राक्षबागा, सोनाका द्राक्षं याच गावची, चवीला उत्तम, त्यांच्याशी माझं भांडण नाही. गाडी स्टँडला लावली, गवताकडे बराच वेळ बघत राहिलो. रखवालदार आला, तंबाखू मळत शेजारी उभा राहिला. मी विचारलं, माळढोक दिसतो का हल्ली?

तो म्हणाला, "काळवीट बघा की साहेब. पायलीला पन्नास आहेत."

बघितली. चांगली होती.