‘माझी मराठी बिघडली आहे’

दर रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळात मी मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या कार्यालयात बसते. संगणक नव्याने हाताळू लागलेले शेजारी, त्यांतही बहुतेक निवृत्त मंडळी, आपापल्या अडचणी घेऊन तिथे येतात. सुरुवातीला मी त्यांच्या हातातला माउस घेऊन अडचण दूर करून देत असे आणि पुढच्या रविवारी तेच गृहस्थ तीच अडचण घेऊन पुन्हा हजर होत. आता मी माउसला हात लावत नाही. नेहमीच्या अडचणींची उत्तरे इंटरनेटवर भरपूर आहेत. नवख्या माणसाचे अडते ते प्रश्न कोणत्या शब्दांत विचारायचा यापाशी, आणि ते शब्द सापडेपर्यंत त्याच्या शेजारी बसणे ही मला सर्वांत उपयोगी मदत वाटते.

गेल्या पावसाळ्यात तळमजल्यावरचे काका लॅपटॉप घेऊन आले आणि म्हणाले, “अगं, माझी मराठी बिघडली आहे.” त्यांच्या चुलतभावाने घराण्याच्या कुलवृत्तांताची जुनी वर्ड फाइल मेलने पाठवली होती आणि ती उघडली की पानभर रोमन अक्षरे, कंस आणि चित्रविचित्र चिन्हे यांचा नुसता काला दिसत होता. काकांनी ‘कॉम्प्युटर मराठी प्रॉब्लेम’ असे शोधून पाहिले होते. त्यातून टायपिंगचे क्लास, मोबाइलचे कीबोर्ड आणि कसलेसे दुरुस्तीचे सॉफ्टवेअर एवढेच हाती लागले. स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीवाल्याने तर लॅपटॉप फॉरमॅट करावा लागेल असे सांगून टाकले होते, म्हणजे नातवंडांच्या फोटोंसकट सगळेच पुसायचे. ते ऐकून मला फार वाईट वाटले.

मी त्यांना एवढेच विचारले की, बाकीच्या फाइलींतली मराठी नीट दिसते का, ही फाइल केव्हाची आहे, आणि त्या मजकुरावर क्लिक केल्यावर वर फाँटच्या चौकटीत कोणते नाव येते. बाकीची मराठी व्यवस्थित होती, फाइल १९९९ सालची होती आणि चौकटीत अशा एका फाँटचे नाव होते जो त्यांच्या लॅपटॉपवर नव्हताच. तिथेच उलगडा झाला. आज आपण ज्या युनिकोड पद्धतीने लिहितो तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे फाँट बदलला तरी ‘क’ हा ‘क’च राहतो. त्यापूर्वीच्या अनेक फाँटांमध्ये मात्र रोमन अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असत, आणि तो फाँट संगणकावर नसला की खालची रोमन अक्षरे उघडी पडतात. लॅपटॉपला काहीच झालेले नव्हते. काकांनी फाँटचे नाव आणि त्यापुढे ‘युनिकोड कन्व्हर्टर’ एवढे स्वतः टाइप केले आणि पहिल्याच पानावर हवे ते सापडले. घरातल्या माणसांच्या जन्मतारखा अनोळखी संकेतस्थळावर टाकायच्या नाहीत म्हणून आधी एकच साधा परिच्छेद रूपांतरित करून पाहिला.

पडद्यावर संदेश आला की घाबरून ‘ओके’ दाबून तो घालवायचा, ही नवख्यांची सवय मी आवर्जून मोडते, कारण त्या संदेशातच शोधण्याचे शब्द तयार मिळतात. विंडोजच्या साध्या संदेशचौकटीवर कंट्रोल आणि सी या कळा दाबल्या तर तिच्यातला मजकूर बहुधा जसाच्या तसा कॉपी होतो, ही सोय फारच थोड्यांना ठाऊक असते. तो नोटपॅडमध्ये चिकटवावा, त्यातले आपले नाव किंवा फाइलचे नाव काढून टाकावे आणि उरलेले वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधावे. इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहणाऱ्यांना तर याचा मोठा आधार होतो.

दुसरी गोष्ट आपल्या विंडोजची आवृत्ती. विंडोजची कळ आणि आर दाबून ‘विनव्हर’ हा शब्द रोमन लिपीत टाइप केला की ती दिसते. विंडोज ७ साठी लिहिलेले उत्तर विंडोज ११ वर चालवायला गेलेला माणूस नसलेले बटण शोधत बसतो आणि शेवटी आपल्यालाच काही कळत नाही असे ठरवून मोकळा होतो. म्हणून उत्तराची तारीख आधी पाहावी. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून संगणक टाकून द्यावा लागेल का, असे अनेकांनी मला विचारले. संगणक चालू राहतो, पण मुदतवाढीची नोंदणी केली नाही तर सुरक्षेची अपडेट येत नाहीत, हे त्याचे थोडक्यात उत्तर.

एका बाबतीत मात्र मी स्वतः शोधा असे म्हणत नाही, सरळ बजावते. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर ताबडतोब फोन करा’ असे पान उघडले तर फोन करायचा नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन क्रमांक कधीच नसतो. शोधाच्या निकालात वरती ‘प्रायोजित’ म्हणून येणाऱ्या मदत क्रमांकांवरही विसंबू नये, आणि समोरच्याच्या सांगण्यावरून आपला पडदा त्याच्या ताब्यात देणारे ॲप तर मुळीच उतरवून घेऊ नये. पैसे गेलेच तर लाज न बाळगता त्याच क्षणी १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीला कळवावे.

काका दोन आठवड्यांनी पुन्हा आले. रूपांतरित मजकुरात ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’ असे शब्द मोडले होते आणि त्यांना ते हाताने दुरुस्त करायचे होते. या वेळी त्यांच्या खिशात एक चिठ्ठी होती आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिले होते: विंडोज ११, मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड, ‘दुसऱ्या’मधला ऱ्य कसा काढायचा. त्याखाली उत्तरही होते, शिफ्टसह जे, मग डी, मग तिरकी रेघ (/).

“शोधलं मीच,” ते म्हणाले, “पण एकदा तुझ्यासमोर करून बघतो.”

त्यांनी सावकाश त्या कळा दाबल्या. ऱ्य बरोबर उमटला.