‘लिंक आहे’ या दोन शब्दांत गेलेले पाच आठवडे

सप्टेंबर २०२५ मध्ये मांजरा नदीचे पाणी आमच्या रानात तीन दिवस उभे होते आणि काढणीला आलेल्या सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले. तलाठी आणि कृषी सहायक गुडघाभर चिखल तुडवत बांधावर आले, पंचनामा झाला, आणि फार्मर आयडी, म्हणजे शेतकऱ्याचा ओळख क्रमांक, आधीच काढलेला असल्यामुळे अण्णांना ई-केवायसीसाठी अंगठाही द्यावा लागला नाही. जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये या दराने १ हेक्टर २० आर क्षेत्राचे १०,२०० रुपये सरकारी अनुदान मंजूर झाले. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही.

दिवाळीच्या आठवड्यात अनुदानाच्या यादीत अण्णांच्या नावापुढे ‘जमा’ असा शेरा आला. पासबुक भरून आणले, तर त्यात एक रुपयाही नव्हता. “जमा झालं म्हनत्यात, मग हायेत कुठं?” हा अण्णांचा प्रश्न घेऊन मी तहसिलात गेलो, तेव्हा बँकेत विचारा असे सांगण्यात आले, बँकेतल्या साहेबांनी संगणकाकडे पाहून “आधार लिंक आहे, पैसे वरूनच आले नाहीत” असे सांगून मला परत पाठवले. अशा माझ्या चार चकरा झाल्या आणि प्रत्येक वेळी हेच उत्तर मिळाले. ते खोटे नव्हते, म्हणून तर जास्त संताप येतो. केवायसीसाठी, म्हणजे खातेदाराची ओळख पटवण्यासाठी, खात्याला आधार जोडणे वेगळे आणि सरकारी अनुदानासाठी खाते आधारशी संलग्न असणे वेगळे. खाती कितीही असली तरी अनुदान एकाच बँकेत जाते आणि ती बँक बहुधा सर्वांत शेवटी संलग्न केलेली असते. हा फरक चार खेपांत कोणीही सांगितला नाही.

तो मला आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’, म्हणजे आधार कोणत्या बँकेशी संलग्न आहे ते, पाहिल्यावर कळला. ओटीपी अण्णांच्या बटणाच्या फोनवर आला आणि त्यांनी रानातून एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवला. पडद्यावर भलत्याच बँकेचे नाव होते. जुलैमध्ये आठवडी बाजारात छत्री लावून बसलेल्या एका मुलाने ‘फुकट खाते’ म्हणून अण्णांचा अंगठा दोनदा घेतला होता, एवढेच त्यांना आठवले. पीएम किसान आणि नमो शेतकरी योजनेचे हप्तेही पासबुकात आले नव्हते, तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते. पण हप्ता रखडला असेल असे समजून मी गप्प बसलो.

त्या बँकेची शाखा जिल्ह्याच्या गावी होती. अण्णांना सोबत नेले, खाते सापडले, त्यात अनुदान आणि दोन्ही योजनांचे हप्ते मिळून १४,२०० रुपये होते. ते काढल्यावर जुन्या बँकेत संलग्नतेचा संमती अर्ज दिला, तोही एकदा परत आला, कारण ‘आधीच्या बँकेचे नाव’ ही ओळ मी कोरी सोडली होती. ती भरून, अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का मारून पोच घ्यावी. आणि हे आधी लिहायला हवे होते: आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे ना, हे यादी लागण्यापूर्वीच पाहून ठेवावे.

रब्बीच्या बियाण्यासाठी जाहीर झालेले हेक्टरी १०,००० रुपये मात्र जुन्याच पासबुकात उमटले. अण्णा आता बाजारात छत्रीखाली कोणी बसलेला दिसला की दोन्ही हात धोतराच्या सोग्यात घालून पुढे जातात.